दूध बिलाच्या दिवशी सर्व्हर रांगतो : रॅम वाढवून फरक पडेल का?

पन्हाळा_रोड
नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका खाजगी डेअरीचं संगणकाचं सगळं काम मी बघतो. आसपासच्या गावांतल्या तीनेक हजार उत्पादकांचं दूध सकाळ-संध्याकाळ येतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हे संकलन केंद्रावरून थेट आमच्या सर्व्हरवर पडतं. रोजचं काम बिनबोभाट चालतं. पण दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायला घेतली की सर्व्हर अक्षरशः रांगायला लागतो. चाळीस-चाळीस मिनिटं बिलाचं काम चालतं, आणि नेमकी तेव्हाच संध्याकाळच्या संकलनाची वेळ झाली तर केंद्रावरचे फोन सुरू होतात.

सर्व्हर साधा टॉवर आहे. १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या) दोन साटा डिस्क मिररमध्ये (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), विंडोज सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेसचं सॉफ्टवेअर). डेटाबेस साधारण ७ जीबीचा. सॉफ्टवेअर देणाऱ्यांचं म्हणणं एकच : रॅम ६४ जीबी करा, सगळं सुरळीत होईल. मालक पैसे द्यायला तयार आहेत, पण सध्या रॅमचे भाव बघता एवढी रक्कम घालायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून विचारतोय. बिल वेळेवर निघालं नाही तर गावात लोक सचिवाला धरतात, सर्व्हरला नाही. त्यामुळे मला हे मुळापासून सोडवायचं आहे.

उद्यमनगरकर
टाका की भावा, विचार कसला करालायस! आमच्या उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचं ईआरपी (स्टॉक-हिशेबाचं सॉफ्टवेअर) मी सांभाळतो. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. ८ जीबी होती, ३२ केली. डेटाबेस वीसेक जीबीचा. आधी महिनाअखेरचा स्टॉकचा रिपोर्ट लावून लोक चहाला जायचे, आता कप टेकवायच्या आत पडद्यावर येतो. कारण सरळ हाय : सगळा डेटा मेमरीत बसायला लागला, डिस्ककडं जायचं कामच उरलं न्हाई. तुझा डेटाबेस तर ७ जीबीचा. ३२ केलीस तरी गंगेत घोडं न्हालं.

कळंबा_नाका
आमच्या ऑफिसात ठरलेला क्रम आहे. मशीन स्लो झालं की पहिल्यांदा रॅम, मग फॉरमॅट, आणि तरी नाही जमलं तर अंबाबाईला नारळ.

रंकाळा_काठ
पन्हाळा_रोड, थांबा. पैसे घालायच्या आधी तीन गोष्टी इथे लिहा.

एसक्यूएल सर्व्हर कुठल्या सालचा आणि कुठली एडिशन, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरचा कुठला प्रकार? साल महत्त्वाचं आहेच, पण एडिशन त्याहून जास्त. दुसरं, बिल चालू असताना टास्क मॅनेजर उघडून एसक्यूएलची प्रोसेस किती मेमरी घेते ते बघा, आणि मशीनवर एकूण मोकळी किती राहते तेही. तिसरं, त्याच वेळी सर्व्हर नेमका कशासाठी थांबलाय ते वेट स्टॅट्समध्ये (थांबण्याच्या कारणांच्या नोंदीत) बघा. पेज आयओ लॅच वर असेल तर डिस्कवरून डेटाची पानं (८ केबीचे तुकडे) येण्याची वाट बघणं चाललंय. रिसोर्स सेमाफोर असेल तर सॉर्टला (क्रम लावायला) किंवा हॅशला (जुळवाजुळवीला) मेमरी मिळेना म्हणून क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) रांगेत उभ्या आहेत. आणि सीपीयू पूर्ण भरलेला असेल तर गोष्टच वेगळी.

"स्लो आहे" एवढ्यावरून रॅम सांगणं म्हणजे ताप आहे एवढं ऐकून गोळी देणं. ७ जीबीचा डेटाबेस आणि १६ जीबीची मशीन, मग आत्ताच सगळा डेटा मेमरीत का बसत नाही, हा प्रश्न त्या सॉफ्टवेअरवाल्यांना पडायला हवा होता.

ऊसपट्टा
रंकाळाताईंशी सहमत. मी एका साखर कारखान्यात आहे, नाव नको. गळीत हंगाम ऐन भरात असताना काट्यावरची स्लिप निघायला वेळ लागायला लागला. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, ड्रायव्हर वैतागलेले, काट्यावरचा कारकून तर रडकुंडीला आलेला. सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, रॅम कमी आहे. रॅम दुप्पट झाली. स्लिप होती तेवढ्याच वेळात निघत राहिली.

कारण काय होतं? प्रत्येक वजनाची नोंद कमिट (पक्की) होताना लॉग फाइलवर (बदलांच्या नोंदवहीत) लिहिली जाणं भागच असतं. वीज गेली तरी नोंद राहावी म्हणून डेटाबेस डिस्ककडून "लिहिलं" असा निरोप येईपर्यंत थांबतो. हे लिहिणं रॅममध्ये करून भागत नाही, मग रॅम कितीही असो. आमची लॉग फाइल, डेटा फाइल आणि रात्रीचा बॅकअप तिन्ही एकाच जुन्या डिस्कवर होते. लॉग वेगळ्या एसएसडीवर नेला आणि काटा मोकळा झाला. वाचण्याचं दुखणं आणि लिहिण्याचं दुखणं वेगवेगळं ओळखलं पाहिजे.

उद्यमनगरकर
@ऊसपट्टा, तुमचं बरोबर हाय, पण ह्यांचं काम वाचायचं हाय की. बिल म्हंजे दहा दिवसांचा डेटा वाचून बेरीज. तिथं रॅम लागतीच.

सर्व्हररूम
हार्डवेअरच्या अंगाने थोडं लिहितो, कारण ह्यात लोकांचे पैसे वाया गेलेले जवळून पाहिलेत. रॅम घ्यायचीच ठरली तर आधी सध्याची काडी बाहेर काढून तिच्यावरचं लेबल वाचा. सर्व्हरची रॅम ईसीसी (बारीक चुका स्वतः दुरुस्त करणारी) असते, पण ईसीसीतही दोन जाती : रजिस्टर्ड आणि अनबफर्ड. इंटेलच्या झिऑन ई मालिकेतल्या प्रोसेसरचे जे छोटे टॉवर येतात त्यांना अनबफर्ड ईसीसीच लागते, रजिस्टर्ड चालत नाही. मोठ्या सर्व्हरला बहुतेक रजिस्टर्ड. दोन्ही एकत्र घातल्या तर मशीन चालूच होत नाही. दुकानदार "सर्व्हर रॅम आहे" म्हणून हातात देतो आणि मग परत करताना वाद.

दुसरं, चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधली वाट). दोन चॅनलच्या बोर्डावर एकच मोठी काडी लावण्यापेक्षा सारख्या दोन लावा, बँडविड्थ चांगली मिळते. सगळे स्लॉट भरले तर काही बोर्ड मेमरीचा वेग खाली आणतात, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि रॅम घातल्यावर लगेच डेटाबेस चालू करू नका. रात्रभर मेमरी टेस्ट लावा. हिशेबाच्या मशीनवर खराब काडी फार महागात पडते.

शाहूपुरी_५वी_गल्ली
विषय निघालाच आहे तर विचारतो, तो टॉवर ठेवलाय कुठे? तळमजल्यावर असेल तर रॅमच्या आधी तो वर हलवा. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या भागात पाणी आलं तेव्हा टेबलाखालचे किती तरी सीपीयू गेले. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, पण ३९ ची इशारा पातळी आली की आम्ही आता सरळ मशीन उचलून माडीवर नेतो.

पन्हाळा_रोड
@शाहूपुरी, पहिल्या मजल्यावर आहे, आणि गाव उंचावर आहे. तरी बॅकअपची एक प्रत रोज मालकांच्या घरी जाते.

@रंकाळाताई, आज बिलाचा दिवस होता, त्यामुळे लगेच बघता आलं. एसक्यूएल सर्व्हर २०१९, एक्स्प्रेस एडिशन. बिल चालू असताना एसक्यूएलची प्रोसेस पावणेदोन जीबीच्या आसपास जाऊन थांबली, पुढे हलेचना. मशीनवर जवळजवळ १० जीबी मोकळी दिसत होती. वेट्समध्ये पेज आयओ लॅच वर होता, आणि मधूनमधून सीपीयूचा एक कोअर पूर्ण भरत होता.

रंकाळा_काठ
मग उत्तर मिळालं. एक्स्प्रेस एडिशन आहे, म्हणून ६४ काय, २५६ जीबी घातली तरी बिल एक मिनिटही लवकर निघणार नाही.

एक्स्प्रेस फुकट आहे आणि तिला मर्यादा घालून दिलेल्या आहेत. बफर पूल म्हणजे डेटाची पानं मेमरीत ठेवायची जागा. ती एका इन्स्टन्सला (मशीनवर चालू असलेल्या एका एसक्यूएल सर्व्हरला) जास्तीत जास्त १४१० एमबी. इतर किरकोळ गोष्टींना थोडी वेगळी मेमरी लागते, म्हणून तुम्हाला प्रोसेस पावणेदोन जीबीवर थांबलेली दिसली. शिवाय एक सॉकेट (म्हणजे एक प्रोसेसर) किंवा चार कोअर, यातलं जे कमी असेल ते. आणि २०१९ च्या एक्स्प्रेसला एका डेटाबेसची डेटा फाइल १० जीबीच्या वर जाऊ देत नाही. तुम्ही ७ वर आहात, म्हणजे हा दिवसही फार लांब नाही.

तुमची १० जीबी रॅम आत्ताही रिकामीच बसली आहे. तिच्या शेजारी आणखी ४८ जीबी आणून बसवायची का, हे मालकांना याच शब्दांत सांगा.

कळंबा_नाका
म्हणजे गोठा मोठा बांधला म्हणून एका म्हशीचं दूध काही वाढत नाही.

उद्यमनगरकर
@रंकाळाताई, एक शंका. एसक्यूएल सर्व्हर १४१० च्या वर घेत नसंल, पण विंडोज तर मोकळ्या रॅममध्ये फाइली कॅश करतंयच की. आमच्या पोस्टग्रेसला मी शेअर्ड बफर्स (त्याचा स्वतःचा बफर पूल) ८ जीबीच दिलंय, बाकीचं काम लिनक्सचं पेज कॅश करतंय. तसंच इथं व्हायला नको काय?

रंकाळा_काठ
चांगला प्रश्न. पोस्टग्रेस डेटा फाइल वाचताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून जातं. म्हणूनच तिथे शेअर्ड बफर्सला एकूण रॅमच्या पावपट द्या आणि बाकी लिनक्सवर सोडा असं सुरुवातीचं माप सांगतात. तिथे नुसती रॅम घातली, सेटिंगला हातही लावला नाही, तरी फरक दिसतो. तुमच्याकडे दिसला तो बराचसा त्यामुळेच.

एसक्यूएल सर्व्हर तसं करत नाही. तो आपल्या डेटा फाइली विंडोजची फाइल कॅश टाळून उघडतो, कारण कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे त्याला स्वतःच ठरवायचं असतं. त्यामुळे बफर पूलमध्ये जे बसलं ते मेमरीत, बाकी थेट डिस्क. आणि डिस्क ७२०० आरपीएमची. तिची एक फेरीच ८.३ मिलीसेकंदांची. हेड जागेवर जाऊन पान हातात येईपर्यंत १० मिलीसेकंद धरा. रॅममधून तेच शंभरेक नॅनोसेकंदांत मिळतं. हा लाखपटीचा फरक आहे.

उद्यमनगरकर
आता कळलं. म्हंजे डेटाबेस कुठला, ह्यावर रॅमचं गणित ठरतंय. हे कुणी असं सोडवून सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

बिंदू_चौक
ह्याच्या जोडीला मायएसक्यूएल ह्या आणखी एका डेटाबेसचंही लिहून ठेवतो, पुढे कुणीतरी शोधत येईल. तिथे इनोडीबीचा (डेटा साठवणाऱ्या भागाचा) बफर पूल मुळात १२८ एमबी असतो. एका क्लायंटने नवी मशीन आणली, ६४ जीबीची, आणि जुनी सेटिंगची फाइलही आणली नाही. डेटाबेस १२८ एमबीत संसार करत होता. मॅन्युअल सांगतं की मशीन फक्त डेटाबेससाठीच असेल तर ८० टक्क्यांपर्यंत बफर पूलला देता येते. दिली, आणि दुपारपर्यंत लोक विचारायला लागले की काय केलंत. दुपारपर्यंत म्हणतोय कारण पूल भरायला वेळ लागतो. रीस्टार्टनंतर लगेच मोजमाप करू नका, गरम होऊ द्या.

पोस्टग्रेसवाल्यांनी वर्क मेम (क्वेरीच्या कामाला मिळणारी मेमरी) बेताने वाढवावं. मुळात ४ एमबी असतं, पण ते प्रत्येक सॉर्ट आणि प्रत्येक हॅशला वेगळं मिळतं. एका क्वेरीत असे चार-पाच, वर शंभर कनेक्शन. कुणी २५६ एमबी करून ठेवलं की एक दिवस लिनक्स स्वतःच पोस्टग्रेसची प्रोसेस मारतो, आणि मग दोष परत "रॅम कमी आहे" म्हणून रॅमलाच.

सुतार_मळा
मग सरळ स्टँडर्ड एडिशन घ्या. २०१९ च्या स्टँडर्डला बफर पूल १२८ जीबीपर्यंत जातो, ह्यांना आयुष्यभर पुरेल. चार केंद्रं आणि दहा माणसं वापरत असतील तर कोअरच्या लायसन्सऐवजी सर्व्हर अधिक कॅल (प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा उपकरणाचं वेगळं लायसन्स) हा प्रकार परवडतो. ७ जीबी सगळं मेमरीत बसेल, आहे त्याच १६ जीबीत.

ऊसपट्टा
लायसन्सचा खर्च रॅमपेक्षा कितीतरी जास्त होईल. तेवढ्यात पोस्टग्रेसवर का जाऊ नये?

सुतार_मळा
कारण सॉफ्टवेअर ह्यांचं नाही. सगळ्या प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) एसक्यूएल सर्व्हरच्या बोलीत लिहिलेल्या असणार, त्या कोण बदलून देणार? बिलं थांबवून कुणी डेटाबेस बदलत नाही.

रंकाळा_काठ
दोघांनाही विनंती, अजून औषधावर जाऊ नका. मला वेगळीच शंका आहे. तीन हजार उत्पादक, दिवसाला दोन नोंदी, दहा दिवस. साठ हजार ओळी. एवढ्या ओळींची बेरीज १४१० एमबीतही सेकंदांत व्हायला हवी. चाळीस मिनिटं लागतात म्हणजे साठ हजार ओळींसाठी भलतंच काहीतरी वाचलं जातंय. आणि मध्येच एक कोअर भरतो म्हणालात, तेही खटकतंय. पन्हाळा_रोड, एका उत्पादकाच्या बिलाची क्वेरी पकडा, स्टॅटिस्टिक्स आयओ (किती पानं वाचली ते दाखवणारी सोय) चालू करा आणि एक्झिक्युशन प्लॅन (क्वेरी कुठल्या वाटेने चालते त्याचा नकाशा) बघा. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारायची गरज नाही, प्रोफायलरने किंवा एक्स्टेंडेड इव्हेंट्सने (चालू क्वेरी टिपणाऱ्या साधनांनी) सापडेल.

कळंबा_नाका
तोवर कुणीतरी चांगल्या मिसळीचा पत्ता द्या, रविवारी पुण्याची पाहुणी मंडळी येणार आहेत.

शाहूपुरी_५वी_गल्ली
मिसळीचा धागा वेगळा आहे आणि तिथे आधीच तीन दिवस भांडण पेटलंय. इथे आणू नका राव.

पन्हाळा_रोड
ताई, सापडलं. जरा सविस्तर लिहितो.

बिलाचा प्रोग्राम एकेक उत्पादक घेऊन फिरतो. उत्पादकाचा कोड आणि दहा दिवसांच्या तारखा देऊन संकलनाच्या टेबलातून नोंदी आणतो. कोड आणि तारखेवर इंडेक्स (शोधायची सूची) आधीपासून आहे, म्हणून माझा त्याच्यावर संशय नव्हता. प्लॅन उघडला तर पहिल्याच सिलेक्टच्या चौकोनावर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. त्यावर माउस नेला तर कन्व्हर्ट इम्प्लिसिट असं लिहून येत होतं. आणि खाली इंडेक्स सीकच्या (थेट हव्या त्या नोंदीवर जाण्याच्या) जागी इंडेक्स स्कॅन (सगळी सूची चाळणं). स्टॅटिस्टिक्स आयओमध्ये एका उत्पादकाच्या वीस नोंदींसाठी पाऊण लाख लॉजिकल रीड्स, म्हणजे तितकी पानं वाचली!

टेबलात उत्पादकाचं नाव देवनागरीत आहे म्हणून तो कॉलम एनव्हारचार (कुठल्याही लिपीचा मजकूर). कोड मात्र इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा, म्हणून व्हारचार (साधा मजकूर). प्रोग्राम दोन्ही सारखेच पाठवतो.

रंकाळा_काठ
अगदी हेच. डॉटनेटमधून (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहायच्या साधनातून) स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, पॅरामीटर (क्वेरीला दिलेली किंमत) पाठवताना प्रकार सांगितला नाही तर तो एनव्हारचार म्हणून जातो. दोन प्रकारांची तुलना आली की एनव्हारचारचा मान मोठा, म्हणून एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटर बदलत नाही, तर कॉलमच बदलत बसतो. म्हणजे इंडेक्समधली प्रत्येक ओळ उचलायची, एनव्हारचार करायची आणि मग जुळते का बघायची. सगळ्या वर्षांच्या नोंदी, आणि तेही तीन हजार वेळा.

पाऊण लाख पानं गुणिले ८ केबी, म्हणजे सहाशे एमबीच्या आसपास. तेवढा इंडेक्स बफर पूलमध्ये बसतो, म्हणून तो चाळताना तुमचा कोअर भरत होता. त्यातून सापडलेल्या वीस ओळींचे लिटर-फॅट आणायला मूळ टेबलाकडे जायचं, ते टेबल पूलमध्ये बसत नाही, म्हणून पेज आयओ लॅच. दोन्ही लक्षणं जुळली. स्टँडर्ड घेतली असती तर डिस्कचा भाग गेला असता, चाळण्याचा भाग तसाच राहिला असता.

प्रोग्राममध्ये पॅरामीटरचा प्रकार व्हारचार सांगायला लावा, कॉलमच्या लांबीसकट. आणि इंडेक्समध्ये लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम हे इन्क्लुड करा (सूचीतच ठेवा), म्हणजे मूळ टेबलाकडे जावंच लागणार नाही. आधी कालच्या बॅकअपवर वेगळ्या मशीनवर करून बघा.

पन्हाळा_रोड
दोन आठवडे इथे आलो नाही कारण सॉफ्टवेअरवाल्यांकडून बदल येईपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीला त्यांनी रॅमचाच हट्ट धरला. मी प्लॅनचा फोटो आणि पाऊण लाखाचा आकडा पाठवला, मग त्यांच्यातल्याच एका मुलीने लगेच ओळखलं आणि दोन दिवसांत नवीन बिल्ड दिलं. चाचणीच्या मशीनवर बघितलं, रक्कम पैशापैशाला जुळली, मग खऱ्या सर्व्हरवर.

काल बिलाचा दिवस होता. तीन मिनिटांच्या आत सगळी बिलं निघाली. एका उत्पादकामागे लॉजिकल रीड्स आता एक आकडी आहेत. संध्याकाळच्या संकलनात एकाही केंद्रावरून फोन आला नाही. रंकाळाताई, तुमचे उपकार आहेत. तीन हजार घरांचं बिल त्यावर अवलंबून असतं.

उद्यमनगरकर
नाद खुळा! रॅम कॅन्सल ना मग?

पन्हाळा_रोड
कॅन्सल. त्याच्या काही भागात दोन एसएसडी घ्यायच्या ठरल्या, त्या जुन्या डिस्कना वय झालंय. आणि १० जीबीची मर्यादा यायच्या आधी जुन्या वर्षांच्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवणार. मर्यादा एका डेटाबेसला आहे ना?

रंकाळा_काठ
हो, प्रत्येक डेटाबेसला वेगळी, आणि लॉग फाइल त्यात धरत नाहीत. पण १४१० एमबी सगळ्या डेटाबेसना मिळून, कारण ती इन्स्टन्सची मर्यादा. जुन्या डेटाबेसवर दिवसा मोठे रिपोर्ट लावले तर चालू वर्षाची पानं पूलमधून बाहेर पडतील. ते रिपोर्ट रात्री काढा.

सर्व्हररूम
एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी लिहीत असलेला डेटा वाचवायची सोय) असलेल्या घ्या. संकलनाच्या वेळेला लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही.

बिंदू_चौक
एक्स्प्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, मग रोजचा बॅकअप कशाने घेता?

पन्हाळा_रोड
विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून. एक बॅच फाइल आहे, ती एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरच्या टूलने) बॅकअपची स्क्रिप्ट चालवते, मग प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकते. स्क्रिप्ट उद्या इथे टाकतो, पासवर्डची ओळ काढून.